ईश्वर, नीती आणि बंधकत्वाचा प्रश्न : आगरकर, फुले, टिळक आणि आंबेडकर यांच्या लेखनाच्या संदर्भात

१

नीतिमान होण्यासाठी ईश्वरावर श्रद्धा असणे आवश्यक आहे काय, हा प्रश्न मराठी वैचारिक गद्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सातत्याने उपस्थित होत आला आहे. त्याची चर्चा बहुधा आस्तिक विरुद्ध नास्तिक अशा सरळ द्वंद्वाच्या स्वरूपात केली जाते. एका बाजूला बुद्धिवादी आगरकर आणि दुसऱ्या बाजूला अध्यात्मवादी टिळक, अशी वाटणी रूढ समीक्षेने केली आहे. प्रत्यक्ष ग्रंथ समोर ठेवून वाचले असता मात्र ही वाटणी फारशी टिकत नाही. टिळकांनी नीतीचा पाया ईश्वराच्या आज्ञेत शोधलेला नाही. जोतीराव फुले यांनी ईश्वर नाकारलेला नाही. पण ईश्वराच्या नावाने उभारलेली व्यवस्था मात्र पूर्णतः नाकारली आहे. आंबेडकरांनी ईश्वर नाकारला आणि तरीही नीतीला पावित्र्य हवे असा आग्रह धरला. म्हणजे ईश्वर मानणे किंवा न मानणे या एकाच निकषावर या चार विचारवंतांची मांडणी लावू पाहिल्यास त्यांच्यातील खरा मतभेद कोठे आहे हे हाती लागत नाही.

याचे कारण असे की, हा प्रश्न दिसतो तितका एकेरी नाही. त्यात निदान चार निरनिराळे प्रश्न मिसळलेले आहेत. चांगले काय आणि वाईट काय हे माणसाला कळते कशाच्या आधारे, हा पहिला प्रश्न ज्ञानाचा. कळले तरी त्याप्रमाणे वागण्याची प्रेरणा कोठून येते, हा दुसरा. प्रेरणा नसतानाही ते पाळलेच पाहिजे असे म्हणण्याचा अधिकार कशात आहे, म्हणजे नीतीचे बंधकत्व कशावर आधारलेले आहे, हा तिसरा. आणि हे बंधन कोणाकोणाच्या संबंधात लागू आहे, म्हणजे नीतीची व्याप्ती किती, हा चौथा. पाश्चात्य चर्चेत पहिल्या तीन प्रश्नांचा ऊहापोह अधिक आढळतो. मराठीतील चर्चेचे वेगळेपण चौथ्या प्रश्नात आहे. जातिव्यवस्थेने विभागलेल्या समाजात माणूस आपल्या माणसांशी अत्यंत सचोटीने वागतो आणि त्याच वेळी इतरांना माणूस म्हणून मोजतही नाही, असे घडू शकते. अशा समाजात नीतीच्या कोणत्याही पायाची परीक्षा त्याच्या व्याप्तीवरून करावी लागते. उपरोक्त चारही विचारवंतांच्या उत्तरांचे बळ आणि मर्यादा याच कसोटीवर स्पष्ट होतात, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

भारतीय दर्शनपरंपरेत नीती आणि ईश्वर यांची गाठ अटळ मानलेली नाही, हे प्रारंभीच नोंदवले पाहिजे. बौद्ध आणि जैन या दोन्ही परंपरांनी जगत्कर्ता ईश्वर न मानता अतिशय काटेकोर आचारसंहिता उभी केली. वेदप्रामाण्य मानणाऱ्या पूर्वमीमांसेनेही धर्म हा ईश्वराची आज्ञा म्हणून मानला नाही. तिच्या मते वेद अपौरुषेय आहेत आणि कर्माचे फळ कर्मातूनच निष्पन्न होते. कुमारिलभट्टाने तर जगत्कर्त्याच्या कल्पनेचे सविस्तर खंडन केले. उलट न्यायदर्शनात उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'मध्ये अदृष्टाचा नियंता म्हणून ईश्वराची आवश्यकता प्रतिपादिली. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात हा वाद थेट येतो. फळ ईश्वराकडून मिळते हा बादरायणांचा पक्ष, तर ते धर्मापासूनच मिळते हा जैमिनींचा. परंतु त्याच सूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावरील पक्षपाताच्या आक्षेपाला दिलेले उत्तर अधिक सूचक आहे. ईश्वर प्राण्यांच्या कर्मानुसार फळ देतो, म्हणून तो पक्षपाती ठरत नाही, असे ते उत्तर आहे. याचा अर्थ न्याय्य आणि अन्याय्य यांतला भेद ईश्वराच्या इच्छेवर अवलंबून नाही. उलट ईश्वराचे निर्दोषत्व त्या भेदावर अवलंबून आहे. प्लेटोच्या 'युथिफ्रो' या संवादात सॉक्रेटिसाने जो पेच उभा केला होता, तोच येथे वेगळ्या वाटेने आला आहे.

मात्र या ईश्वरनिरपेक्ष परंपरेचे गुणगान करताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. मीमांसकांनी ईश्वर बाजूला ठेवला, पण अधिकारभेद ठेवला. कर्माचा सिद्धान्त ईश्वरावाचून चालू शकतो, तसाच तो विषमतेचे समर्थन म्हणूनही चालू शकतो. म्हणजे निरीश्वर असणे ही नीतीच्या व्यापकपणाची हमी नव्हे. हा धागा पुढील चर्चेत महत्त्वाचा ठरेल.

२

गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) यांनी हा प्रश्न केवळ तात्त्विक कुतूहलापोटी हाती घेतला नाही. १८८१ ते १८८७ 'केसरी'चे संपादक म्हणून आणि १८८८पासून 'सुधारक'चे संस्थापक म्हणून ज्या सामाजिक वादांत ते उतरले, त्यांतून तो त्यांच्यापुढे उभा राहिला. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याचा वाद हे त्याचे ठळक उदाहरण. कलकत्त्यातील फुलमणी दासी या बालवधूच्या मृत्यूच्या खटल्याने (१८९०) देशभर खळबळ उडाली होती. संमतिवय दहावरून बारा करण्याच्या विधेयकाला विरोध करणाऱ्यांनी गर्भाधानसंस्काराविषयीच्या शास्त्रवचनांचा आधार घेतला, तर भांडारकरांसारख्या विद्वानांनी विधेयकाला शास्त्राचा विरोध नाही हे शास्त्रातूनच दाखवून दिले. दोन्ही पक्ष शास्त्राच्या अंगणातच उभे होते. आगरकरांचे वेगळेपण असे की, त्यांनी हे अंगणच सोडले. बालिकेला इजा होते, तिचे आयुष्य खुंटते, ही गोष्ट स्वतःच पुरेशी आहे. तिला पोथीच्या संमतीची गरज नाही, ही त्यांची एकूण भूमिका होती. नीतीचा निर्णय माणसाच्या सुखदुःखाच्या आधारे बुद्धीने करावयाचा, हे सूत्र त्यांच्या लेखनात सर्वत्र आढळते.

या भूमिकेमागे मिल आणि स्पेन्सर यांचा अभ्यास आहे, हे सर्वज्ञात आहे. 'देवतोत्पत्ति' या निबंधात त्यांनी देवकल्पनेचा उगम मानवाच्या प्राथमिक अवस्थेतील भय, स्वप्न आणि मृतांविषयीच्या समजुती यांत शोधला. स्पेन्सरच्या समाजशास्त्रीय उपपत्तीची छाया त्यावर स्पष्ट आहे. परंतु आगरकरांच्या दृष्टीने या उपपत्तीचे प्रयोजन केवळ देवाचा इतिहास सांगणे हे नव्हते. देवाच्या कल्पना माणसाच्या ज्ञानाबरोबर बदलत गेल्या. क्रूर माणसांचे देव क्रूर होते आणि माणूस सुधारला तसे देवही सुधारले. यातून निघणारा निष्कर्ष नीतिशास्त्रीय आहे. देवाने माणसाला नीती शिकवली नाही. माणसाच्या वाढत्या नीतीने देवाला अधिकाधिक शहाणे केले. ईश्वर आणि नीती यांच्या कार्यकारणसंबंधाची ही उलटापालट मराठी गद्यात इतक्या निःसंदिग्धपणे त्यापूर्वी क्वचितच झाली असेल.

प्रेरणेच्या प्रश्नाचे आगरकरांचे उत्तर मुख्यतः शिक्षण आणि लोकमत यांच्याभोवती फिरते. धर्माला जे नैतिक सामर्थ्य चिकटवले जाते ते खरे पाहता अधिकार, बालपणीचे संस्कार आणि लोकमत यांचे सामर्थ्य होय, असे मिलने 'युटिलिटी ऑफ रिलिजन' या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या निबंधात (१८७४) दाखवले होते. नरकाच्या भीतीने चोरी टाळणारा मनुष्य संधी मिळताच प्रायश्चित्ताची सवलतही शोधतो, हा अनुभव आगरकरांच्या भोवतालच्या कर्मठ समाजात नवा नव्हता. या संदर्भात त्यांच्या चरित्राचा दाखला वारंवार दिला जातो. मोठ्या पगाराची अपेक्षा ठेवू नये असे आईला कळवणारे पत्र, दम्याच्या विकारातही सोडलेले नसलेले लेखन, पुण्यातील सनातन्यांनी जिवंतपणी काढलेली त्यांची प्रेतयात्रा, आणि स्वतःच्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून बाजूला काढून ठेवलेली रक्कम, या गोष्टी चरित्रकारांनी नोंदवल्या आहेत. परलोकाची आशा न बाळगता माणूस निःस्वार्थपणे जगू शकतो, याचा हा पुरावा आहे यात शंका नाही. परंतु पुरावा कशाचा आहे हे नेमके पाहिले पाहिजे. निरीश्वरवादी मनुष्य नीतिमान असू शकतो, एवढेच त्यातून सिद्ध होते. निरीश्वर नीती सर्वांवर बंधनकारक का असावी, या प्रश्नाला एका व्यक्तीचे चारित्र्य उत्तर देऊ शकत नाही. मराठी समीक्षेने आगरकरांच्या विचारापेक्षा त्यांच्या त्यागाचे जे अधिक गुणगान केले, त्यामुळे हा प्रश्न बराच काळ झाकला गेला.

सुखाची वृद्धी हा निकष मान्य केला तरी दुसऱ्याचे सुख माझे कर्तव्य का, ही अडचण शिल्लक राहतेच. आगरकरांनी तिचे उत्तर मानवी स्वभावातील सहानुभूती आणि समाजाच्या क्रमिक उत्क्रांतीवरील विश्वास यांच्या आधारे दिले आहे. उत्क्रांतीची गती सुधारणेच्याच दिशेने आहे, हा विश्वास त्या काळाला साजेसा होता. विसाव्या शतकाने तो डळमळीत केला. शिवाय सहानुभूती ही स्वभावतः जवळच्यांकडे ओढ घेते. आगरकरांनी जातिभेदावर टीका केली हे खरे. पण त्यांच्या लेखनातील मुख्य संवाद उच्चवर्णीय सुशिक्षित वाचकाशी आहे आणि त्या वाचकाच्या घरातील अन्याय (बालविवाह, केशवपन, वैधव्य) हाच त्याचा केंद्रबिंदू आहे. व्याप्तीचा प्रश्न त्यांच्याकडे येतो, पण तो पायाशी येत नाही.

३

तो पायाशी येतो जोतीराव फुले यांच्याकडे. १८८८ साली पक्षाघाताचा झटका आल्यानंतर डाव्या हाताने लिहून पूर्ण केलेले 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे संमतिवयाचा कायदा आणि हे पुस्तक एकाच वर्षातील. तथापि फुले यांचा ईश्वर, त्यांच्या शब्दात 'निर्मीक', आणि आगरकरांचे अज्ञेयवादी मौन यांची तुलना मराठीत फार उशिरा सुरू झाली.

निर्मीकाची कल्पना पाश्चात्य निसर्गेश्वरवादाशी जुळणारी आहे आणि टॉमस पेन यांच्या वाचनाचा संस्कार तीवर आहे, हे अभ्यासकांनी दाखवले आहे. पण केवळ प्रभाव सांगून तिचे कार्य स्पष्ट होत नाही. फुले यांच्या पुस्तकात निर्मीक काय करत नाही याची यादी मोठी आहे. तो मूर्तीत नाही, नैवेद्य घेत नाही, जपाने प्रसन्न होत नाही, अवतार घेत नाही, ग्रंथ पाठवत नाही आणि मध्यस्थ नेमत नाही. स्वर्ग आणि प्राक्तन यांविषयीच्या प्रश्नोत्तरांतही रूढ समजुतींची अशीच वासलात लावलेली आहे. मग निर्मीक उरतो कशासाठी? तो उरतो एका विधानासाठी : सर्व स्त्रीपुरुष जन्मतः स्वतंत्र आहेत आणि सर्व मानवी हक्कांचा उपभोग घेण्यास समान पात्र आहेत, कारण त्यांना एकाच निर्मीकाने तसे निर्माण केले. निर्मीक हा शासनकर्ता नाही, फलदाता नाही. तो समतेचा साक्षी आहे. चार प्रश्नांच्या परिभाषेत सांगायचे तर फुले यांनी ईश्वराला ज्ञान आणि प्रेरणा यांच्या कामातून जवळजवळ मुक्त केले आणि व्याप्तीच्या कामाला लावले.

त्यामुळेच त्यांच्या पुस्तकातील एका कुटुंबाचे चित्र तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. एकाच घरात आई बौद्ध, वडील ख्रिस्ती, मुलगी महंमदी आणि मुलगा सार्वजनिक सत्यधर्मी असला तरी त्यांनी एकमेकांचा द्वेष न करता प्रेमाने नांदावे, असे तेथे सुचवले आहे. या घरात बौद्ध आईला स्थान आहे, ही गोष्ट सहज वाचून पुढे जाण्याजोगी नाही. बौद्ध धर्म जगत्कर्ता मानत नाही. म्हणजे निर्मीकावर श्रद्धा ही नीतिमान असण्याची अट फुले यांनीही घातली नाही. निर्मीक समतेला आधार देतो. पण समतेने वागणाऱ्याने निर्मीक मानलाच पाहिजे असे बंधन नाही. फुले यांच्या आस्तिक्याचा हा उदारपणा लक्षात घेतला तर त्यांना एकेश्वरी प्रार्थनासमाजाच्या (स्थापना १८६७) पंक्तीत बसवण्याची प्रवृत्ती अपुरी ठरते. रानडे प्रभृतींच्या एकेश्वरवादात उपासना आणि भक्ती मध्यवर्ती आहेत. फुले यांच्याकडे उपासनेची जागा सत्यवर्तनाने घेतली आहे.

मर्यादा अशी की, एकाच निर्मात्याने निर्माण केले एवढ्यावरून समता तर्कतः निष्पन्न होत नाही. एका कुंभाराने घडवलेली सर्व भांडी सारख्या मोलाची असतातच असे नाही, असे प्रतिपक्षी म्हणू शकतो. पुरुषसूक्ताच्या आधारे वर्णभेद मांडणारे एका अर्थी हेच म्हणत होते. निर्मीक न्यायी आहे हे आधी गृहीत धरावे लागते, आणि न्याय म्हणजे समता हेही. पुन्हा ईश्वराआधी नीती येते.

४

'गीतारहस्य' (१९१५) हा ग्रंथ टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०–११च्या हिवाळ्यात लिहिला. त्यातील नीतिमीमांसेची प्रकरणे मराठीतील या विषयावरील सर्वांत समर्थ लेखनांपैकी होत. आगरकरांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात आगरकरांच्या गुरूंशी, म्हणजे मिल आणि स्पेन्सर यांच्याशी, टिळकांनी जो विस्तृत वाद घातला आहे, तो एका अर्थी जुन्या मित्राशी राहून गेलेला वाद आहे.

टिळकांनी नीतीच्या उपपत्तीचे आधिभौतिक, आधिदैविक आणि आध्यात्मिक असे तीन पंथ कल्पिले आहेत. पहिल्यात सुखवाद येतो. दुसऱ्यात माणसाच्या मनात सदसद्विवेकाची स्वतंत्र देवता आहे, ती तत्काळ निर्णय देते, असे मानणारा पक्ष येतो. तिसरा त्यांचा स्वतःचा. येथे विशेष लक्षात घ्यावे असे की, टिळकांनी पहिल्याइतकाच दुसऱ्या पंथाचाही निरास केला आहे. सदसद्विवेक ही वेगळी दैवी शक्ती नसून बुद्धीचेच एक कार्य आहे, आणि चोराची सदसद्बुद्धी व साधूची सदसद्बुद्धी सारखा निर्णय देत नाही, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख आहे. ईश्वराने सांगितले म्हणून करावे, ही भूमिका तर त्यांनी नीतिशास्त्राची उपपत्ती म्हणून पुरेशी मानलेलीच नाही. 'टिळक आस्तिक, म्हणून ईश्वराधिष्ठित नीतीचे पुरस्कर्ते' हे समीकरण ग्रंथाच्या आधारे टिकत नाही ते यामुळे.

आधिभौतिक पक्षावरील त्यांचा मुख्य आक्षेप बंधकत्वाचा आहे. पुष्कळांचे पुष्कळ सुख हे साध्य मानले तरी ते मी का साधावे? संख्येची गणना कर्त्याच्या बुद्धीचा विचार करत नाही. त्यामुळे एकच कृत्य दानतीने केले की लाचेखातर, हा भेद तिला नीट पकडता येत नाही. या आक्षेपात बळ आहे, आणि आगरकरांच्या विचारातील उणीव तो नेमकी दाखवतो. टिळकांचे उत्तर आत्मौपम्याचे. सर्व भूतांत एकच आत्मा आहे, म्हणून दुसऱ्याचे सुखदुःख आपल्यासारखे मानणे हे केवळ उदारपणाचे नव्हे तर यथार्थ ज्ञानाचे लक्षण होय. ग्रीनसारख्या आदर्शवादी पाश्चात्य विचारवंताशी या भूमिकेचे साम्य त्यांनी स्वतःच दाखवले आहे. म्हणजे टिळकांच्या उपपत्तीत नीतीला आधार देणारे तत्त्व हे उपास्य ईश्वर नसून आत्मैक्य आहे. भक्तीचे स्थान ते मान्य करतात, पण सामान्य माणसाला त्या ज्ञानापर्यंत नेणारा सुलभ मार्ग म्हणून.

आत्मैक्य हा व्याप्तीचा अत्यंत विस्तृत पाया आहे. त्यात माणसांबरोबर सर्व प्राणिमात्र येतात. तथापि येथेच या उपपत्तीची कठीण परीक्षा होते. हे तत्त्व ज्या समाजात सर्वाधिक प्रतिष्ठित होते त्याच समाजात अस्पृश्यता शतकानुशतके निर्वेधपणे नांदली. टिळकांच्या ग्रंथात चातुर्वर्ण्याची चर्चा स्वधर्म आणि लोकसंग्रह यांच्या संदर्भात येते. आत्मैक्याच्या कसोटीवर वर्णव्यवस्थेचीच तपासणी करावी, असे त्यांना तेथे वाटलेले दिसत नाही. अव्यक्त स्तरावर सर्व एक आणि व्यवहाराच्या स्तरावर प्रत्येकाचे कर्तव्य वेगळे, अशी दुपेडी रचना असली की वरचे तत्त्व खालच्या व्यवहाराला बाधत नाही. बंधकत्वाचा आगरकरांकडे अनुत्तरित राहिलेला प्रश्न टिळकांनी सोडवला. पण बंधन व्यवहारात कोणापर्यंत पोहोचते हा प्रश्न त्यांनी सोडून दिला.

५

या दोन्ही पायांची, म्हणजे 'एका ईश्वराची लेकरे' आणि 'एकच आत्मा' यांची, समोरासमोर तुलना आंबेडकरांनी केली आहे, याकडे मराठी समीक्षेचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. 'रिडल्स इन हिंदुइझम' या त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेल्या आणि १९८७ साली महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या लेखनात ब्रह्मविचारावर एक प्रकरण आहे. लोकशाहीला पाया म्हणून विचार करता सर्व माणसे ईश्वराची लेकरे आहेत या कल्पनेपेक्षा प्रत्येक माणूस त्याच परमतत्त्वाचा अंश आहे ही कल्पना अधिक भक्कम ठरते, असे त्यांनी तेथे मान्य केले आहे. टिळकांच्या पक्षाला त्यांनी दिलेली ही मोठीच कबुली आहे. आणि लगेच त्यांनी विचारले आहे की, असा पाया उपलब्ध असूनही त्यातून नवा समाज का उभा राहिला नाही? त्यांच्या मते ब्रह्म हे तत्त्व राहिले, ते धर्माचा, म्हणजे सामाजिक आचरणाचा, आधार कधी झाले नाही.

'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा त्यांचा अखेरचा ग्रंथ मृत्यूनंतर, १९५७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. पुढे तो मराठीतही आला. त्यातील धर्म आणि धम्म यांच्या तुलनेचा भाग प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने कळीचा आहे. ईश्वर, आत्मा, प्रार्थना आणि कर्मकांड हे धर्माचे घटक. नीती धर्मात येते ती बाहेरून, प्रसंगोपात्त. धम्मात मात्र ईश्वराच्या जागी नीती आहे. येथपर्यंत आंबेडकर आगरकरांच्या वाटेवर आहेत असे वाटते. पुढच्याच टप्प्यावर ते वेगळे होतात. केवळ नीती पुरेशी नाही, ती पवित्र आणि सार्वत्रिक असली पाहिजे, असे ते म्हणतात. त्यामागील युक्तिवाद असा : चोरांच्या टोळीतही नीती असते, व्यापाऱ्यांत असते, जातभाईंमध्येही असते. टोळीपुरती ती प्रामाणिक आणि पवित्रही असते. पण ती गटाच्या हिताचे रक्षण करते, म्हणूनच ती समाजविरोधी ठरते. सर्वांना लागू असणारी समान मापे नसतील तर दुर्बलाला संरक्षण राहत नाही. यावर उपाय बंधुभावाचा, आणि बंधुभाव हे नीतीचेच दुसरे नाव.

या मांडणीने प्रश्नाचे स्वरूपच बदलते. ईश्वर नसेल तर माणसे अनीतिमान होतील ही भीती आस्तिकांनी नेहमी व्यक्त केली आहे. आंबेडकरांनी दाखवलेला धोका निराळा आहे. माणसे अनीतिमान होत नाहीत. ती आपापल्या कुंपणात नीतिमान राहतात. अस्पृश्याला पाणी नाकारणारा मनुष्य घरी आज्ञाधारक पुत्र, वत्सल पिता, व्यवहारात चोख आणि देवाधर्माचाही असू शकतो. त्याच्यात नीतीचा अभाव नाही. तिची मर्यादा आहे. ईश्वरश्रद्धेने ही मर्यादा ओलांडली गेल्याचा निरपवाद पुरावा इतिहास देत नाही, आणि निरीश्वर मीमांसेनेही ती ओलांडली नव्हती.

ईश्वर वगळून पावित्र्य आणावयाचे कोठून, हा आक्षेप आंबेडकरांवर घेता येतो. पावित्र्याची गरज त्यांनी दुर्बलाच्या संरक्षणावरून सिद्ध केली आहे. पण गरज आहे म्हणून वस्तू अस्तित्वात येत नाही. नैतिक व्यवस्था ईश्वर नव्हे तर कर्मनियम राखतो, असे त्यांनी बुद्धाच्या आधारे मांडले आणि त्याच वेळी पूर्वजन्मीच्या कर्माने आजचे दैन्य समजावून सांगण्याची रीत नाकारली. मीमांसेच्या कर्मसिद्धान्तातील विषमतेचा काटा त्यांनी असा काढला. तरीही ग्रंथातील युक्तिवादापुरते पाहिले तर पावित्र्याचा उगम अस्पष्ट राहतो. त्याचे उत्तर ग्रंथापेक्षा कृतीत सापडते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतील आरंभीच्या प्रतिज्ञा देवदेवतांचा त्याग करणाऱ्या आहेत आणि पुढे चोरी, असत्य, व्यसन यांचा त्याग व प्राणिमात्रांवर दया या प्रतिज्ञा येतात. समता हीही एक प्रतिज्ञाच आहे. येथे बंधन वरून आलेल्या आज्ञेचे नाही, तसेच ते एकट्याच्या बुद्धीने काढलेल्या निष्कर्षाचेही नाही. समूहाने उघडपणे, एकमेकांच्या साक्षीने स्वतःला घालून घेतलेले ते बंधन आहे. फुले यांच्याकडे समतेचा साक्षी निर्मीक होता. येथे माणसेच परस्परांचे साक्षी झाली. आंबेडकरांनी बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर फुले यांना गुरू मानले होते. हे गुरुत्व निर्मीकाच्या स्वीकारात नसून त्याच्या जागी काय ठेवावे याच्या शोधात आहे, असे म्हणता येईल.

६

ललित साहित्याने या प्रश्नाला दिलेला प्रतिसाद स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे वामन मल्हार जोशी यांचा केवळ उल्लेख करणे शक्य आहे. 'नीतिशास्त्रप्रवेश' (१९१९) हा शास्त्रीय ग्रंथ लिहिणाऱ्या या लेखकाने 'सुशीलेचा देव' (१९३०) या कादंबरीत नायिकेच्या देवकल्पनेचा मूर्तीपासून नैतिक ध्येयापर्यंतचा प्रवास दाखवला. देव म्हणजे ध्येय असे म्हटल्यावर आस्तिक व नास्तिक दोघेही समाधानी होऊ शकतात. पण ध्येयालाच देव म्हणावयाचे असेल तर देव नीतीला आधार देत नाही. नीतीच देवाला अर्थ देते. मराठी भाषेने हे आधीच ओळखलेले दिसते. सज्जनाला 'देवमाणूस' म्हणताना त्याची देवपूजेची वेळ कोणी विचारत नाही.

१९९० साली नागपूरहून निघालेल्या आणि आगरकरांच्या पत्राची आठवण नावात बाळगणाऱ्या 'आजचा सुधारक' या मासिकाने, तसेच अंधश्रद्धानिर्मूलनाच्या चळवळीने ही चर्चा पुढे चालू ठेवली. त्या चळवळीचे नेते नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. नीती आणि श्रद्धा यांच्या संबंधाची चिकित्सा या समाजात किती महाग पडू शकते याचे ते स्मारक आहे.

चारही मांडण्या एकत्र पाहिल्यास पुढील निष्कर्ष काढता येतात. नीती कळण्यासाठी ईश्वराची गरज नाही, यावर हे चारही विचारवंत आपापल्या मार्गाने जवळजवळ एकमत आहेत; टिळकही त्याला अपवाद नाहीत. प्रेरणेसाठी श्रद्धा उपयोगी पडते, पण ती एकमेव नाही. आगरकरांचे जीवित याला पुरेसे आहे. बंधकत्वाचा प्रश्न अधिक बिकट आहे आणि आगरकरांच्या सुखवादाला तो पूर्णतः सुटलेला नाही. मात्र तो सोडवण्यासाठी योजलेले अध्यात्म व्याप्तीच्या कसोटीवर उणे पडले. फुले आणि आंबेडकर यांनी प्रश्न ज्या बाजूने विचारला ती बाजू अन्याय सोसणाऱ्याची होती. नीतीला देव लागतो का, यापेक्षा तुमची नीती माझ्यापर्यंत पोहोचते का, हे त्या बाजूने विचारले जाते. देव मानणाऱ्याने आणि न मानणाऱ्याने या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या आचरणातून दिल्यावाचून पहिल्या प्रश्नावरील त्यांच्या वादाला फारसा अर्थ उरत नाही.